आयच्या मोरीतला दांडा

दामूदादा, रविवारी आपण भांडलो आणि मंगळवारी तू नव्हतास. मधला अख्खा सोमवार माझ्या हातात होता आणि तो मी पालघरच्या शाळेत चौथीच्या पोरांना भागाकार शिकवण्यात घालवला. माणूस असा जातो का रे? आजारी नाही, अंथरूण नाही, साधं डोकं दुखतंय म्हणून तक्रार नाही. काल अकरावा दिवस झाला, तरी अंगणात कुणाची चप्पल वाजली की मी पुढचं भांडण तोंडात तयार ठेवून दाराकडं बघते.

त्या मंगळवारी मधल्या सुट्टीत, तू कामाला होतास त्या वसाहतीचा मुकादम शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. टोपी हातात, नजर खाली. म्हणाला, "बहनजी, चलिए, दामूभाई की तबीयत जरा बिगड़ गई है." मी जीपमध्ये बसले. बोईसर येईपर्यंत मी तुलाच शिव्या घालत होते, की तंबाखू सोड म्हणून सांगितलं होतं, ऐकलंस का कधी. सरावलीच्या वळणावर मुकादमानं जीप बाजूला घेतली आणि मग सांगितलं. मी त्याला विचारलं, "कोण दामू? आमचा दामू नसेल." आणि मला रडू फुटलं.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी रडायचीच थांबले. तुम्ही सगळे सुतार त्या परदेशी साहेबांच्या बंगल्यामागं भेंडीच्या सावलीत डबे उघडून बसला होतात. तू भाकरीचा तुकडा मोडला होतास आणि सगळ्यांना माझीच गोष्ट सांगत होतास. "मेरी मास्तरीण बहन बोलती है, होडी में सीमेंट भर." सगळे हसले, तूही हसलास. हसता हसता पुढं वाकलास. त्यांना वाटलं, जास्तच हसतोय. तुला उठवायला गेले तेव्हा तुकडा हातातच होता.

म्हणजे माझ्यावर हसताना गेलास. यावर मी काय करू ते मला अजून समजत नाही. रागावू, की बरं वाटून घेऊ?

तुझं आणि माझं भांडण आयच्या मोरीतल्या, धरून उभं राहायच्या त्या दांड्यावरून होतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढ्याशा दांड्यावरून भावंडं भांडतात. त्याला काय ठाऊक, त्या दांड्याला आमच्या आयचा सगळा मान टांगलेला होता. पाच वर्षांपूर्वी ती विहिरीच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पाय आखूडच राहिला. वहिनी तिला आंघोळ घालायला गेली तर आयनं तांब्या भिरकावला. "दुसऱ्यानी न्हाऊ घालायला मी काय मढं हाय? मढ्याला न्हाऊ घालतात." मकुणसारहून ताई आली आणि म्हणाली, तिला मी घेऊन जाते, माझ्याकडं सुना आहेत. आय म्हणाली, "लेकीच्या दारी नाय मरायची मी." ताई म्हणाली, मग तू तुझी तू आंघोळ करून दाखव. तेव्हा तू कोपऱ्यात पायपुशीसारखा गप्प बसून सगळं ऐकत होतास. आम्हाला वाटलं, याला काही सुचत नाही.

नंतरच्या पावसाळ्यापर्यंत तू ती मोरी उभी केलीस. समुद्रावर वीजघराचं मोठं काम निघालं होतं, परदेशी इंजिनियरांसाठी बंगले होत होते, आणि तुला तिथं दारं-खिडक्यांचं काम लागलं होतं. त्या बंगल्यांमधली न्हाणीघरं बघून आलास की तू आम्हाला तासभर गोष्टी सांगायचास. भिंतीला पांढऱ्या टाइल्स, वरून फवारा, आणि धरायला दांडा. "त्यांच्या म्हाताऱ्या धरतात काय?" आयनं विचारलं. "नाय गं, तरणीताठी माणसं धरतात," तू म्हणालास. आय म्हणाली, "मग मी धरली तं काय बिघडलं." बस, तेवढं तुला पुरे झालं. कोपरे उडालेल्या टाइल्स साहेबाला विचारून मागून आणल्यास, बारीक चिरा गेलेल्या, कुठं निळसर, कुठं पिवळट. सगळी भिंत ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी झाली, पण पाणी झिरपत नव्हतं. वर पत्र्याचं पिंप ठेवलंस, त्याला फवारा जोडलास, आणि पाण्याची चावी बाहेरच्या अंगाला बसवलीस, म्हणजे आयला चावीसाठी वाकायला नको.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी तू विहिरीचं पाणी ओढून पिंप भरायचास. आय आत जायची, कडी घालायची, आणि ओरडायची, "दामू, सोड." तू चावी फिरवायचास. थोड्या वेळानं, "बास." तू बंद करायचास. शनिवारी रात्री मी घरी आलेली असले की रविवारी सकाळी अंथरुणातच ते ऐकू यायचं. सोड. बास. दोन शब्दांत तुमचं मायलेकरांचं सगळं बोलणं व्हायचं आणि मी मेली पुस्तकं वाचून बडबड करणारी.

आणि दांडा. आपल्या बाबांची मोडलेली होडी मागच्या दारी पडली होती, तिच्या फळीतून तू सागाच्या खुंट्या तासल्यास. भिंतीत भोकं पाडून त्या ठोकल्यास आणि त्यांच्यात स्क्रू पिळून नळाचा तो वाकवलेला दांडा बसवलास. खुंट्यांच्या भोवती कापूस आणि राळ-तेल घातलंस. मी विचारलं, हे कशाला? म्हणालास, "होडीच्या सांध्यात घालतात तसंच." मी म्हटलं, अरे पण ही होडी नाही, भिंत आहे. तू म्हणालास, "पाणी तं तेच हाय ना." तुझं आपलं असंच. पहिल्याच पावसाळ्यात खुंटी अशी फुगली की वरच्या टाइलला आडवी चीर गेली. मी बोट दाखवलं तेव्हा तू चीर बघून म्हणालास, "शिवण म्हण." भिंतीला होडी समजून ठोकणारा सुतार या उभ्या किनाऱ्यावर फक्त आमच्या घरात होता.

पण दांडा मात्र पक्का बसला, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. चार वर्षं आय त्याला धरून एकटी न्हाली. ताईचं तोंड बंद झालं.

या वर्षी संक्रांतीनंतर आय पणतवंडाचं बारसं म्हणून मकुणसारला गेली ती वैशाख लागेपर्यंत तिकडंच राहिली. तुम्ही नवराबायको विहिरीवर आंघोळ करणारे. मोरीत कुणी पाऊल टाकलं नाही. त्या रविवारी आय परत आली, हौसेनं मोरीत गेली आणि लगेच बाहेर आली. "दामू, दांडा हलतो रे." आपण तिघं आत गेलो. दांडा दाताच्या वैद्याकडं न्यायच्या दातासारखा हलत होता.

"काय नाय झालं त्याला," तू म्हणालास. "तहानलाय तो."

"दादा, दांडा तहानतो का कधी?"

"दांडा नाय, खुंटी. चार महिने सुकली, आकसली. होडी किनाऱ्यावर ठेवली की तिच्या फळ्या सुटतात, तसं. परत पाण्यात टाकली की भरते."

"आणि भरेपर्यंत आय पडली तर?"

"चार दिवस न्हाऊ दे, घट्ट होतो."

मी तेव्हा भडकलेच. शाळेत फळा असाच सैल झाला होता, तर गवंड्यानं खुंटी काढून भोकात सिमेंट भरलं आणि आता त्यावर पोरं लोंबकळतात तरी हलत नाही. टाइलची ती चीर बुजवायला म्हणून येताना मी पालघरहून वर्तमानपत्रात बांधून पुडकंभर सिमेंट आणलंच होतं. त्यात आयला पोचवायला आलेली ताई मला सांगून गेली होती, की या खेपेला आयला एकटीनं न्हाता आलं नाही तर मी तिला कायमची घेऊन जाणार. वहिनीचा हात दुखतो, तू सकाळी सातला घराबाहेर, कोण बघणार तिच्याकडं. तेव्हा मला तुझ्या तहानेच्या गोष्टी ऐकायला सवड नव्हती.

मी पुडकं तुझ्यापुढं ठेवलं. तू ते उचलून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलंस आणि म्हणालास, "उद्या होडीत पण भर." मी म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्याशी बोलणंच नको." आणि पाच वाजताच्या यस्टीनं पालघरला निघून गेले. वहिनी सांगत होती, मी गेल्यावर तू बराच वेळ हसत होतास. सोमवारीही हसलास म्हणे. मला पश्चात्ताप वगैरे होत नाही, दादा. आपण दोघं भांडलो नसतो तर बोललो काय असतो? दुसऱ्या कुणाशी मी इतकं बोललेच नाही कधी. आता हे सगळं कुणाशी बोलू, ते सांग.

मंगळवारी दुपारी तुला वसाहतीच्या ट्रकमधून आणलं. अंगणात पाट मांडला आणि पुरुषांनी तुला न्हाऊ घालायला घेतलं. मी ओट्यावर आयच्या शेजारी उभी होते आणि मला तिचेच ते शब्द आठवत होते, मढ्याला न्हाऊ घालतात. मी तिचे डोळे झाकायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला. रडली नाही. फक्त म्हणाली, "पाणी कोमट हाय ना बघा. त्याला गार चालत नाय." काकांनी पाण्यात हात घालून बघितला आणि म्हणाले, "कोमट हाय, वयनी." चुलतभावांनी तांबे ओतले. तुझ्या पायाच्या अंगठ्याला लाकडाचा भुसा लागलेला होता, तो मला शेवटपर्यंत दिसत राहिला.

त्यानंतरचं मला सलग काही आठवत नाही. माणसं येत होती. सफाळ्याची, मकुणसारची, खाडीपलीकडची. बायका दारातच गळा काढायच्या, वहिनीला मिठी मारायच्या, आणि मग घरच्या रिवाजाप्रमाणं अंगावर पाणी घ्यायच्या. पुरुष विहिरीवर न्हायचे. बायकांना काका म्हणाले, तुमी मोरीत जा, आडोसा हाय. चुलतभाऊ पिंप भरत राहिले. एक बाई निघाली की दुसरी आत. डोक्यावरून पाणी, लुगड्यासकट. तुझ्या त्या ठिगळांच्या भिंतीवरून पाणी ओघळायचं थांबत नव्हतं. मी दांड्याला लाल चिंधी बांधली आणि दारात उभी राहून प्रत्येकीला सांगितलं, "मावशी, दांड्याला हात लावू नका, सैल आहे. काकी, दांडा धरू नका." माझा भाऊ गेला होता आणि मी दांड्याची राखण करत होते. दुसरं काही करायला सुचतच नव्हतं.

आय मात्र न्हायली नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसायची आणि पडून राहायची. ताई म्हणाली, दहाव्याला तर न्हायलाच हवं, सुतक फिटायचं कसं? मी न्हाऊ घालते. आय भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "नाय." मग ताईनं मला बाजूला घेतलं. तिचा सूर वाईट नव्हता, तीही सुजलेल्या डोळ्यांनी बोलत होती. "सुमन, ती मोरीत गेली आणि पडली तर? दामू होता तोवर ठीक होतं. तेरावं झालं की मी तिला नेते." वहिनी तिथंच होती. पण तिनं बोलायचं कसं? नवरा गेलेली बाई सासू ठेवून घेते म्हणाली तर लोक म्हणणार, हिला तरी कोण ठेवतंय.

तेव्हा मला तू हवा होतास. तू नेहमीसारखा कोपऱ्यात बसून नुसतं ऐकायला हवा होतास.

मी काकांना म्हटलं, दांडा काढून सिमेंट भरते, एका दिवसाचं काम आहे. काका म्हणाले, "बाय, सुतकात घरात ठोकाठोक नको. लोखंडाला हात नको. दामूचीच हत्यारं ती." मी वाद घातला नाही. मी वाद घातला नाही हे ऐकून तू नक्की डोळे मोठे केले असतेस.

पण दहाव्याच्या सकाळी, पुरुष विधीसाठी खाडीवर गेल्यावर, मी तुझ्या पेटीतला पेचकस घेतला. ठोकणार नव्हते, फक्त स्क्रू काढणार होते. मनाशी ठरवलं होतं, खोटा दांडा भिंतीला नको. आयनं विश्वासानं धरायचा आणि त्यानं दगा द्यायचा, त्यापेक्षा भिंत उघडी बरी. मग ती जाईल मकुणसारला. जाऊ दे. निदान डोळ्यांदेखत पडायची नाही.

उरलेली भोकं बुजवावी म्हणून आधी सिमेंट शोधलं. पुडकं कोपऱ्यात होतं तिथंच होतं. उचलायला गेले तर वर्तमानपत्र हातात आलं आणि आतला गोळा जमिनीला चिकटून राहिला. एवढ्या दिवसांच्या न्हाण्याचं पाणी पिऊन त्याचा दगड झाला होता, बातम्यांची अक्षरं उलटी त्याच्यावर उमटलेली. मी लाथ मारली तर माझाच अंगठा ठेचला.

मग चिंधी सोडली आणि दांडा धरून हलवला.

हलला नाही, दादा.

मला वाटलं, मी नीट धरला नाही. दोन्ही हातांनी धरला. मागं ओढला, खाली दाबला, शेवटी पाय उचलून सगळं अंग त्याच्यावर टाकलं, पन्नाशीकडं झुकलेली शाळामास्तरीण, दांड्याला लोंबकळत. जराही कुरकुरला नाही. पेचकस लावून स्क्रू फिरवून बघितला, तोही फिरेना. वरच्या टाइलच्या त्या चिरेशेजारी दुसरी बारीक चीर पडली होती. खुंटी भरली होती. तुझ्या मरणाचं पाणी पिऊन भरली होती. तुला चार दिवस हवे होते ना न्हाण्याचे? तूच मिळवून दिलेस ते. सगळ्या बायका तुझ्या नावानं रडत आल्या, तुझ्या भिंतीवर पाणी ओतून गेल्या, आणि तुझी खुंटी मुकाट्यानं फुगत राहिली. मी त्याच ओल्या जमिनीवर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडून रडले. तू गेलास हे मला जीपमध्ये कळलं नव्हतं, अंगणात कळलं नव्हतं, स्मशानातून माणसं परतली तेव्हाही कळलं नव्हतं. ते तिथं कळलं. तू बरोबर होतास, आणि तुला ते सांगायला तू नव्हतास.

माझं रडणं ऐकून सगळ्या जमल्या. ताई, वहिनी, आणि त्यांच्या मागून भिंतीचा आधार घेत घेत आय. आयनं माझ्याकडं बघितलं, पेचकसाकडं बघितलं. आत आली. दांड्यावर हात ठेवला, नुसता ठेवला. मग म्हणाली, "भरला."

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होडीवाल्याची बायको हाय मी," आय म्हणाली. "जा बाहेर सगळ्या."

ताई म्हणाली, "आय, मी दारात तरी उभी राहते." आयनं दार लावून घेतलं. कडी वाजली. आम्ही तिघी बाहेर, पिंपाखाली. चावीला कुणी हात लावेना. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी ताईकडं. ती तुझी जागा होती. शेवटी वहिनीच पुढं झाली आणि तिनं चावीवर हात ठेवला. बांगड्या नसलेला तो हात मला बघवेना.

आतून काही आवाज नाही. तिच्या तोंडात पुढं तुझंच नाव यायचं होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती ते गिळत होती की जुळवत होती, देव जाणे. मग आतून, अगदी रोजच्यासारखं, पण नाव न घेता आलं, "सोड."

वहिनीनं चावी फिरवली.

"बास" कधी येतं याची आम्ही वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. पिंप रिकामं होईपर्यंत पाणी पडत राहिलं, आणि पाण्याच्या आवाजाआड ती तुझ्यासाठी रडून घेत होती. आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं. पाणी संपलं, लुगड्याची सळसळ झाली, कडी निघाली. आय ओली उभी होती, एक हात अजून दांड्यावर.

ताईनं पदरानं तिचं डोकं पुसायला सुरुवात केली. हळूच म्हणाली, "आय, तेरावं झालं की माझ्याकडं चार महिने राहून ये. मन रमेल."

"मी नाय यायची," आय म्हणाली. "मी गेली तं मोरी सुकंल. दांडा परत सुटंल."

ताई तिचं डोकं पुसत राहिली.

आज सकाळी मी पिंप भरलं. अर्ध्यातच दम लागला, तू रोज कसा भरायचास देव जाणे. घराजवळ तारापूरच्या शाळेत जागा आहे का ते विचारायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तोवर वहिनी आणि मी वाटून घेऊ. मी कळशी खाली ठेवून चावीपाशी उभी राहिले. आय आत गेली, कडी घातली.

"सुमे," ती आतून म्हणाली, "सोड."